तासाला पाचशे

वसूलराव तुम्हाला ठाऊक आहेत. लग्नाच्या पंगतीत आहेराचं पाकीट आणि पनीरचे तुकडे यांचं त्रैराशिक मांडणारे, हॉटेल सोडताना शॅम्पूची एकही बाटली अनाथ राहू न देणारे ते हेच. नाव दर वेळी वेगळं असतं, कमरेचं पाऊच तेच. जमिनीवर त्यांच्या गुणांना पुरेसा वाव मिळेना, म्हणून अलीकडे ते समुद्राकडे वळले आहेत. मुंबईहून गोव्याकडे जाऊन येणारी दोन रात्रींची, खिशाला जेमतेम झेपणारी क्रूझ हे त्यांचं खरं कार्यक्षेत्र. त्यांना चिक्कू म्हणावं, हावरट म्हणावं, अथांग सागराच्या सान्निध्यात ढोकळा मोजणारा अरसिक म्हणावं, अशी रीत पडली आहे. मला ती पटत नाही. अशा बोटीवर हजार-दीड हजार प्रवाशांत आपण काय विकत घेतलं आहे हे नेमकं कळलेला माणूस सहसा हाच असतो, आणि आपली चिडचिड होते ती त्यामुळेच.

जाहिरात म्हणते, तीन दिवस आणि दोन रात्री. वसूलराव म्हणतात, थांबा. पहिल्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास चढायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आठला, नाश्ता घशाखाली उतरतो न उतरतो तोच, बॅगा घेऊन खाली यायचं. म्हणजे हातात तास आले ४२. माणशी २१ हजार धरा. (दर मोसमाप्रमाणे आणि वाराप्रमाणे हलतात, पण भागाकाराला हा आकडा सोयीचा.) तासाला झाले ५००. एकदा हे ५०० डोक्यात बसले की माणूस पहिल्यासारखा राहत नाही. सात तासांची झोप साडेतीन हजारांना पडते. म्हणून वसूलराव पाचच तास झोपतात आणि सकाळी हजार रुपये मिळवून उठतात. लिफ्टसमोर चार मिनिटं गेली, ३३ रुपये बुडाले. ते जिन्याने निघतात. वहिनींनी केस वाळवायला अर्धा तास घेतला की दाराबाहेरून आवाज येतो, “अडीचशे झाले!” आतून उत्तर येतं, “पार्लरवाली चारशे घेते.” हा एवढा एक युक्तिवाद त्यांना आजवर खोडता आलेला नाही.

हसू येतं, पण धंद्याची रचना पाहिली की हसू आवरतं. मुंबईहून २०२१पासून सुटणारं ‘एम्प्रेस’ जहाजच घ्या. १९९०मध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने ते पाण्यात आलं तेच मुळी तीन-चार रात्रींच्या छोट्या फेऱ्यांसाठी बांधलेलं. छोटी फेरी हा काही मोठ्या फेरीचा कापून काढलेला तुकडा नव्हे. तिचं गणित निराळं असतं. माणसाला कंटाळायला वेळ मिळत नाही आणि पैसे मोजायलाही. तिकिटाचा आकडा हा दाराचा आकडा. त्यावर कर, बंदराचं शुल्क, सेवेचा आकार. आत गेलं की शीतपेय निराळं, मद्य निराळं, इंटरनेट निराळं, मालिश निराळं, आणि चढतानाच गळ्यात सुकाणू अडकवून काढलेला फोटोही निराळा. या साऱ्यासाठी रोख पैसे लागत नाहीत, खोलीचं कार्ड दाखवलं की झालं. आपण पैसे देतो आहोत याचा हाताला पत्ताच लागू नये, ही त्यातली खरी खुबी. बोट चालते ती तुमच्या-माझ्यासारख्या ‘असू दे, एकदाच तर आलोय’ म्हणणाऱ्यांवर. वसूलराव मात्र कार्ड पाकिटात, पाकीट पाऊचमध्ये आणि पाऊच शर्टाखाली ठेवून बुफेच्या रांगेत उभे असतात, कारण तेवढंच तिकिटात आहे हे त्यांनी अटी वाचून आधीच ताडलेलं असतं. त्या अटी वाचणारे ते बोटीवर बहुधा एकटेच.

खोलीचंही तसंच. ते खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मध्यावरची, बिनखिडकीची खोली घेतात आणि बाल्कनीवाले त्यांची कीव करतात. पण जहाज डोलतं ते एखाद्या फळीसारखं, टोकांना जास्त आणि मधे कमी. वरती जास्त आणि तळाशी कमी. त्यामुळे बोट लागते ती बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत, जास्त पैसे मोजलेल्याला. तो लिंबू हुंगत आडवा पडलेला असताना वसूलराव आलेपाकाची वडी चघळत तिसऱ्यांदा जेवायला निघालेले असतात. जास्त पैसे देऊन आजारी पडण्याला रसिकता म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही.

त्यांचा भागाकार एका ठिकाणी मात्र सपशेल चुकतो. चढल्याबरोबर जीवरक्षक जॅकेटची कवायत असते, नेमकी बुफे तापलेला असताना. अर्धा तास, २५० रुपये, शिवाय गुलाबजाम संपण्याची धास्ती. ते एका खांबाआड उभं राहून तिथून सटकायला बघतात. जानेवारी २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही कवायत झालेली नव्हती. पुढे नियम बदलला आणि ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. आणि इटलीपर्यंत तरी कशाला जायचं? १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेंहून अधिक माणसं गेली. ज्यांच्या घरी ती आठवण अजून निघते, त्यांच्यासमोर अडीचशेचा हिशोब काढायची वसूलरावांचीही छाती होणार नाही.

यावर आक्षेप येतो तो असा : हिशोब बरोबर असेल हो, पण यात आनंद कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. फक्त तो विचारणाऱ्याचा आनंद आधी तपासून घ्यावा. बोट गोव्याला लागली की सगळे धावत उतरतात. मुरगाव बंदरातून बाहेर पडून, वाहनात बसून, पणजीला पोहोचून, काजूचं पाकीट घेऊन आणि घड्याळाकडे बघत परत यायचं. वसूलराव उतरत नाहीत. सहा तास बाहेर म्हणजे तीन हजार पाण्यात, वर दुपारचं जेवण पदरचं. गोवा काय, रेल्वेनेही येतो. त्या सहा तासांत रिकाम्या बोटीवरच्या रिकाम्या तलावात ते एकटे तरंगत असतात, समोर बंदरातला कोळशाचा ढीग असतो, आणि काल ज्या खुर्चीसाठी दोन कुटुंबांत शब्दाला शब्द लागला होता तिच्यावर त्यांचा टॉवेल असतो. मला हा आनंदच वाटतो. जरा ओला आहे, एवढंच.

दुसऱ्या आरोपात मी त्यांचं वकीलपत्र घेणार नाही. वसूल करण्याच्या भरात ताटात जे चढतं ते सगळं पोटात जात नाही. उरलेला पुलाव, अर्धी पेस्ट्री, नुसता वास घेऊन ठेवलेलं सूप, हे सगळं उचलायला कोणीतरी असतं. तो ताट उचलणारा आणि दिवसातून दोनदा खोली आवरून टॉवेलचा हत्ती करून ठेवणारा पोरगा कित्येक महिन्यांच्या करारावर, साप्ताहिक सुट्टीशिवाय राबत असतो. आंतरराष्ट्रीय नियम चोवीस तासांत चौदा तासांपर्यंतचं काम चालवून घेतात. निघताना वसूलराव त्याला सांगतात, “सेवेचा आकार तिकिटाबरोबरच भरलाय हं.” भरलाय, खरं आहे. फक्त जो माणूस बोटीवरच्या प्रत्येक गोष्टीला तासाने भागतो, त्याला या पोराच्या पगाराला तासाने भागायचं कधी सुचत नाही. बाल्कनीवाल्यांनाही सुचत नाही म्हणा. पण त्यांच्याकडून आपण गणिताची अपेक्षा केलेली नव्हती.

तरीही या माणसाचा राग फार काळ धरता येत नाही, आणि त्याला कारण या बोटीची वाटच आहे. याच वाटेने एकेकाळी कोकणच्या बोटी जात. भाऊच्या धक्क्यावरून निघालेला चाकरमानी डेकवर वळकटी पसरायचा, ट्रंकेला टेकून बसायचा, आणि जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरं मोजत गावची वाट बघायचा. बंदर आलं की बोट दूर उभी राही आणि पडाव येऊन माणसं उतरवून नेई. त्याचं तिकीट सर्वांत स्वस्त, झोपायची जागा हातभर, आणि ती धरून ठेवायला भांडण ठरलेलं. सोबत जेवण घरून बांधून आणलेलं. ढोबळ मानाने वसूलराव त्याचेच नातू आहेत. आजोबांच्या हातभर जागेवरची पकड नातवाच्या टॉवेलात उतरली आहे. फरक इतकाच, की आजोबांना कुठेतरी उतरायचं होतं. ही बोट मालवणवरून जाते, थांबत नाही. गोल फिरून पुन्हा मुंबईलाच आणून सोडते, आणि त्याचेच पैसे घेते.

बुफे बंद झालेला, गाणी थांबलेली, अशा पहाटे चारच्या सुमारास एक माणूस डेकवर पूर्वेकडे तोंड करून उभा असतो. हवा स्वच्छ असली आणि बोट किनाऱ्याच्या फार बाहेरून जात नसली तर अंधारात एखाद्या दीपगृहाची बत्ती ठरावीक वेळाने उघडते आणि मिटते. शेजारून चाललेल्या सफाई कामगाराला तो विचारतो, “ही देवगडची, का विजयदुर्गची?” परक्या मुलखातल्या त्या पोराला माहीत नसतं, तो हसून मान हलवतो. माणूस बत्तीच्या दोन उघडझापींमधली सेकंदं मोजू लागतो. चुकतात, पुन्हा पहिल्यापासून मोजतो. असा पाऊण तास जातो. ३७५ रुपये होतात. तो हिशोब मी केला. पाच वाजता चहाचं यंत्र सुरू होतं आणि वसूलराव घाईघाईने आत जातात, कारण बिस्किटं पहिल्या दहा मिनिटांतच संपतात.