वैद्याची आई

अडुळशाची काडी मी घरी आणली तेव्हा घरात कुणालाही खोकला नव्हता. सगळा घोटाळा तिथंच झाला.

काडी आली सासुरवाडीहून. तिकडे कोकणात अडुळसा कुणी कौतुकानं लावत नाही, तो कुंपणाला असतो. शेळी त्याला तोंड लावत नाही, एवढीच त्याची तिथली लायकी. वर्तमानपत्रापासून वाळत घातलेल्या टॉवेलापर्यंत सगळं चघळणारी शेळी ज्याला नको म्हणते, ते माणसानं उकळून प्यायचं! निघताना सासरे म्हणाले, "दोन डोळे मातीत ठेवा, दोन वर. बाकी त्याचं तो बघेल." पुण्यात तळमजल्याच्या खिडकीखाली, चपला झटकण्यापुरती जी माती आहे, तिथं मी ती आषाढात खोचली. दुसऱ्या वर्षी झुडूप खिडकीच्या गजांतून आत डोकावू लागलं. शेजारी लाडानं वाढवलेल्या गुलाबावर मावा पडला, अडुळशाच्या वाटेला कीडसुद्धा गेली नाही. कडूपणाचे असे फायदे असतात.

पण औषधी झाड लावलं की रोग्याची वाट बघणं आलं. मोगऱ्याला निदान फुलं येतात, कढीपत्ता रोज फोडणीला पडतो. अडुळशाला लागतो खोकला. जिन्यात कुणी खाकरलं की माझे कान टवकारत. पहिल्या मजल्यावरचे काका केवळ आपण येत असल्याची वर्दी म्हणून खाकरतात, त्यांनाही मी पानं पोचवली. समोरच्या काकूंना मूठभर दिली, तर दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भजी केली हो, पण जरा कडसर झाली." तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पानं बरोब्बर ओळखली आणि त्यांत हिरवी केळी दडपून पिकवली. तोही त्याचा जुनाच उपयोग.

एकदा वरच्या मजल्यावरची सून खोकताना ऐकली आणि मी पानं घेऊन धावलो. हिनं जिन्यातच अडवलं. "तिला दिवस गेलेत. अडुळशानं गर्भाशय आकुंचन पावतं, ठाऊक आहे ना?" ठाऊक नव्हतं. झाडपाल्याचं औषध म्हणजे निरुपद्रवी, या माझ्या समजुतीनं त्या दिवशी पानांसकट खाली मान घातली.

मग जरा अभ्यासाला लागलो. अमरकोशात अडुळशाला नावांची रांगच आहे. वासक, वृष, अटरूष. जांभळट रेघांचं त्याचं पांढरं फूल जबडा वासल्यासारखं दिसतं, म्हणून सिंहास्य. पण मी अडलो ते 'वैद्यमाता' या नावापाशी. वैद्याची आई! डॉक्टरपेक्षा डॉक्टरच्या आईला जास्त कळतं हे आपण समारंभांतून ऐकतोच, पण ही आई खरोखरच वंश चालवणारी निघाली. पानातल्या व्हॅसिसीन नावाच्या द्रव्यावरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन घडवलं, आणि ब्रोमहेक्सिनपासून पुढे अँब्रोक्सॉल. कफ पातळ करणाऱ्या कितीतरी बाटल्यांत ही दोन नावं सापडतात. म्हणजे लहानपणी काढा चुकवण्यासाठी मी माळ्यावर लपत असे, त्या अडुळशाची नातवंडं आता औषधाच्या दुकानातून गोड चवीची आणि पैसे मोजून आणतो.

आणि मग यंदा माघात मलाच खोकला झाला.

घरात उत्सव असल्यासारखी हालचाल सुरू झाली. इतकी वर्षं वाट बघितलेला रोगी अखेर मिळाला होता. ताज्या पानाचा रस पिळून निघत नाही, म्हणून वैद्य पानं गुंडाळून, भाजून मग पिळतात, त्याला पुटपाक म्हणतात, हे व्याख्यान मी खोकत खोकत दिलं. हिनं ते ऐकून घेतलं आणि सरळ पातेलं चढवलं. पाच-सहा पानं, आल्याचा तुकडा, चार मिरी, ज्येष्ठमध, गुळाचा खडा. दोन पेले पाण्याचा अर्धा पेला होईपर्यंत वासानंच अर्धं घर बाहेर गेलं.

मी म्हटलं, "ठेव, निवला की घेतो." हे वाक्य मी चाळीस वर्षांपूर्वीही म्हणत असे. तेव्हा आई फुलपात्र घेऊन समोर उभी राहायची. मी कुंडीत ओतीन हे तिला ठाऊक असायचं, कारण त्या कुंडीतली शेवंती तिनं वाळताना पाहिली होती. आता चौथीतली लेक पेला घेऊन उभी राहिली. मी घोट घेतला. घसा, कान, टाळू, सगळीकडून कडू आलं. "गिळलंस?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "आ कर."

आठवड्याभरात खोकला गेला. काढ्यानं गेला की कंटाळून गेला, हे सांगता येणार नाही. बरेच खोकले आपले आपणच जातात. पण खिडकीखालच्या त्या झुडपाचं थोरलं नाव मला आता पटलं आहे.

हल्ली पानं मागायला कुणी आलं की मी खोकला कोरडा की ओला ते विचारतो, किती दिवसांचा ते विचारतो, जास्त दिवसांचा असेल तर डॉक्टरकडे पिटाळतो. आणि पानं हातात देण्याआधी एक प्रश्न हटकून विचारतो, "घरात पाजणारं कोण आहे?"