नफ्यात भागीदार, तोट्यात शेजारी

भिवंडीतल्या यंत्रमागवाल्याला सुताचं बिल, विजेचं बिल, कामगारांची मजुरी, सगळं उत्पन्नातून वजा करता येतं. धंदा तोट्यात गेलाच, तर तो तोटा त्याच वर्षीच्या गोदामाच्या भाड्यातूनही वजा होतो. पण त्याच्याच पोराने मोबाइलवर बिटकॉइन घेतलं की सरकारची माया आटते. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर उपकर. वजा काय, तर फक्त खरेदीची किंमत. बिटकॉइनमध्ये लाख कमावले, इथरमध्ये लाख घालवले, हाती शून्य. तरी कर पूर्ण लाखावर! बायकोला भेट द्यावं, तर पुढे होणारा नफा कायदा पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतो. (इतका पतिव्रता कायदा दुसरा नसेल.)

करबचतीचे सल्लागार मग विकतात तरी काय? विक्रीवेळी कापलेला १ टक्का टीडीएस विवरणपत्र भरून हिशेबात धरून घ्या, म्हणतात. अहो, ते आपलेच पैसे! दुसरा सल्ला, विकूच नका. तो मात्र बिनचूक आहे: विकलं नाही तर कर शून्य, आणि हातात पैसाही शून्य. फक्त एक ध्यानात ठेवा, एक नाणं देऊन दुसरं घेतलंत, तरी कर लागतोच.