रकानेबहाद्दर

चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी असो, येरवड्याचं गोल्फ मैदान असो की खारघरच्या टेकड्यांतलं सिडकोचं; ‘मंथली मेडल’च्या सकाळी पहिल्या टीवर रकानेबहाद्दर हमखास भेटतो. बाकीचे खेळाडू कंबर मोकळी करत असतात, हातमोजा चढवत असतात, आजच्या खराब खेळाची कारणं आधीच जुळवून ठेवत असतात. हा मात्र ट्रॉलीच्या दांड्यावर कार्ड टेकवून लिहीत असतो. टोपीच्या पट्टीत एक पेन्सिल, खिशात दुसरी, शिवाय खोडरबर, आणि आभाळ भरलेलं असेल तर कार्डाला प्लॅस्टिकची पिशवी. नोकरीची सगळी वर्षं त्याने बहुधा बँकेत, विमा कंपनीत किंवा सरकारी खात्यात काढलेली असतात आणि तिथे एक धडा तो पक्का शिकलेला असतो: रकाना रिकामा राहिला की अर्ज परत येतो. म्हणून तो रकाना रिकामा सोडत नाही. नाव, तारीख, वेळ, टीचा रंग, हँडिकॅप इंडेक्स, त्यावरून कोर्स हँडिकॅप, त्यावरून प्लेइंग हँडिकॅप. जागा उरलीच तर वाऱ्याची दिशा. त्याचा चेंडू फेअरवेवर क्वचित राहतो, पण त्याचा आकडा चौकटीबाहेर कधी जात नाही.

खेळ सुरू झाला की पेन्सिलीला खरा जोर चढतो. प्रत्येक होलनंतर प्रत्यक्ष लागलेले फटके, हँडिकॅप वजा जाता उरलेले फटके, स्टेबलफोर्डचे गुण, पटची संख्या, चेंडू बंकरमध्ये गेला असेल तर त्याची खूण. बर्डीला गोल, बोगीला चौकोन. नऊ होलनंतर ‘आउट’ची बेरीज, शेवटी ‘इन’ची, मग दोन्हींची, मग खालून वर ताळा. क्लबात त्याची ख्याती ‘फार काटेकोर माणूस’ अशी असते आणि नव्या सभासदांना त्याचं कार्ड नमुना म्हणून दाखवलं जातं. ही ख्याती एकदा तपासून पाहायला हवी. माझं म्हणणं असं की रकानेबहाद्दर काटेकोर नाहीच. स्पर्धेच्या कार्डावर खेळाडूने नेमकं काय भरायचं असतं, याबाबत क्लबातला सर्वांत बेफिकीर माणूस तोच असतो. ही बेफिकिरी सुवाच्य अक्षरात लिहिलेली असते, एवढ्यामुळेच ती कुणाच्या लक्षात येत नाही.

स्कोअरकार्डाबाबत गोल्फच्या नियमावलीची, म्हणजे नियम 3.3 ची मागणी थक्क व्हावं इतकी माफक आहे. स्ट्रोक प्लेमध्ये प्रत्येक होलला प्रत्यक्ष किती फटके लागले तो आकडा, दंडाचे फटके धरून, मार्करची सही, खेळाडूची सही, आणि वेळ न दवडता कार्ड समितीच्या हाती. संपलं. बेरीज? ती समितीने करायची. हँडिकॅपची वजाबाकी? तीही समितीने. स्टेबलफोर्डचे गुण, म्हणजे 1932 साली इंग्लंडातल्या वॉलसी क्लबात डॉक्टर फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी आणलेली ती पारला दोन, बर्डीला तीन, बोगीला एक अशी पद्धत, तिचा हिशोबही समितीच्याच माथी. त्या प्रकारात एखाद्या होलवर गुण मिळण्याची आशा संपली, तर चेंडू उचलून तो रकाना कोरा सोडला तरी चालतो. ही सवलत रकानेबहाद्दराला शिक्षेसारखी वाटते. निदान कार्डावरचा हँडिकॅप बरोबर आहे ना, एवढं पाहणं पूर्वी खेळाडूच्या अंगावर होतं. 2023 च्या सुधारणेने तेही काढून घेतलं. पटची संख्या तर नियमाने कधी कुणाला विचारलेलीच नाही. थोडक्यात, ज्या आकडेमोडीवर त्याची कीर्ती उभी आहे, ती त्याच्याकडे कुणी मागितलेली नव्हती.

नियमाने इतकं कमी का मागावं हे कळलं की या माणसाची गफलतही कळते. गोल्फचे सर्वांत जुने लिखित नियम 1744 सालचे, एडिंबराजवळच्या लीथचे, अवघे तेरा. तेव्हाचा खेळ समोरासमोरच्या लढतीचा. प्रतिस्पर्धी डोळ्यांपुढे असायचा, त्यामुळे हिशोब तोंडी भागत असे. स्ट्रोक प्लेमध्ये मात्र शंभर माणसं अठरा होलांवर पांगलेली असतात, प्रत्येकामागे पंच नसतो, आणि झुडपात चेंडूला किती वेळा हाणलं हे तिथल्या दोघा-तिघांनाच ठाऊक असतं. (कॅडीला तर बिनचूक ठाऊक असतं, पण त्याचं मत कुणी घेत नाही.) मैदानभर पांगलेल्या बाकी सगळ्यांच्या वतीने तिथे हजर असणारा माणूस म्हणजे मार्कर. म्हणून स्कोअरकार्ड हा पंचनामा आहे: जे घडलं ते, घडलं तिथेच, दोघांच्या सहीनिशी. बेरीज कुणालाही, केव्हाही, क्लबहाउसात पंख्याखाली बसून करता येते. पाचव्या होलच्या बंकरमध्ये काय झालं ते मागाहून कुणाला सांगता येत नाही. जे दुसऱ्या कुणालाच देता येणार नाही, तेवढंच नियम खेळाडूकडे मागतो. रकानेबहाद्दर तेवढं सोडून बाकी सगळं देतो.

तो भरतो ते कार्ड कुणाचं, हेही पाहण्यासारखं आहे. पहिल्या टीवर कार्डांची अदलाबदल होते, म्हणजे त्याच्या हातातलं कार्ड असतं जोडीदाराचं. त्यावर जोडीदाराच्या आकड्यांसाठी मुख्य रकाना असतो आणि मार्करला स्वतःचे फटके टिपून ठेवता यावेत म्हणून कडेला एक अरुंद पट्टी. सगळे गोल, सगळे चौकोन, सगळी नक्षी असते ती त्या अरुंद पट्टीत. जोडीदाराच्या रकान्यात भर पडते ती नवव्या होलनंतर, सँडविच खाता खाता. ‘पाचव्याला तुमचे किती हो? पाच धरू?’ ‘धरा.’ प्रत्येक होलनंतर खेळाडूला विचारून, खात्री करून आकडा लिहावा, असं नियम सांगतो. इथे अर्धी फेरी ‘धरा’वर उरकते. आणि त्याचं स्वतःचं खरं कार्ड? ते जोडीदाराच्या मागच्या खिशात, घामाने मऊ पडलेलं, चौथ्या होलपासून कोरं. शेवटी दोघे बसतात आणि अरुंद पट्टीतले आकडे त्या कार्डावर उतरवून काढतात. ‘साहेबांची नोंद चोख असते’ या भरवशावर जोडीदार सही ठोकतो. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तोच स्वतःचा मार्कर झाला, हे दोघांपैकी कुणाच्याच ध्यानात येत नाही.

असल्या गोष्टी कुठवर जातात याची उदाहरणं फार मोठ्या मैदानांवरची आहेत. 1957 च्या अमेरिकन महिला ओपनमध्ये, न्यू यॉर्कजवळच्या विंग्ड फूट क्लबात, हवाईच्या जॅकी पंग यांचे फटके सर्वांत कमी होते. शेवटच्या फेरीच्या त्यांच्या कार्डावर बेरीज होती 72, आणि ती बरोबर होती. चौथ्या होलला मात्र सहाच्या जागी पाच लिहिलेले. बेरीज खरी, होल खोटं. पंग बाद झाल्या आणि विजेतेपद बेट्सी रॉल्स यांच्याकडे गेलं. पंग यांच्या मार्कर बेटी जेमसन यांच्या कार्डावरही त्याच होलला तीच चूक निघाली, त्याही बाद. क्लबच्या सभासदांनी हळहळून तिथल्या तिथे वर्गणी काढली आणि पंग यांना पहिल्या बक्षिसाहून मोठी रक्कम दिली. निकाल मात्र बदलला नाही. 1968 च्या मास्टर्समध्ये चूक उलट दिशेने झाली. अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विसेन्झो यांनी सतराव्या होलवर तीन फटक्यांत बर्डी केली, टीव्हीवर लोकांनी ती पाहिली. मार्कर टॉमी आरन यांनी चार लिहिले आणि दे विसेन्झो सही करून मोकळे झाले. खेळले 65, कार्डावर 66. लिहिलेला आकडा खऱ्याहून कमी असेल तर खेळाडू बाद, जास्त असेल तर तो जास्तीचाच आकडा कायम, असा नियम. बॉब गोल्बी यांच्याशी प्लेऑफ व्हायची ती झालीच नाही. गोल्बी एका फटक्याने जिंकले. त्या दिवशी दे विसेन्झो यांचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. पुढे 1973 साली टॉमी आरन स्वतः मास्टर्स जिंकले, तेव्हा त्यांच्या मार्करने त्यांच्या नावावर एक फटका जास्त मांडला होता. आरन यांनी तो सही करण्यापूर्वी हेरला. होल-होल ताडून पाहायचं असतं, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

सहीची गोष्ट याहून साधी आणि म्हणून याहून घातक. 2000 साली इंग्लंडातल्या बेलफ्री मैदानावर बेन्सन अँड हेजेस स्पर्धेत पॅड्रेग हॅरिंग्टन पाच फटक्यांनी आघाडीवर होते. शेवटच्या फेरीआधी उघड झालं की पहिल्या फेरीच्या कार्डावर त्यांची सहीच नाही. स्पर्धा तिथेच संपली. 2003 च्या ओपनमध्ये मार्क रो यांनी 67 फटक्यांची देखणी फेरी केली, पण ते आणि येस्पर पार्नेविक पहिल्या टीवर कार्डांची अदलाबदल करायला विसरले होते. एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावाखाली, दोघेही बाद. मुरलेल्या व्यावसायिकांची ही कथा, तर रकानेबहाद्दराचं काय सांगावं? फेरी संपते तेव्हा त्याचा सगळा जीव बेरजेत अडकलेला असतो. दोन ताळे जुळले की समाधानाने तो कार्ड पेटीत टाकतो. सहीची रेघ त्याला शोभेची वाटते, कारण तिथे आकडा लिहायचा नसतो.

यावर कुणी म्हणेल की दोष त्या माणसात नाही, नियमात आहे. एका आकड्यासाठी विजेतेपद हिरावून घेणारा नियम खेळाचा नसून कचेरीचा आहे. आक्षेप रास्त आहे, आणि नियम करणाऱ्यांनीही तो पुष्कळसा मानला आहे. 2017 मध्ये लेक्सी थॉम्पसन यांना आदल्या दिवशीच्या चुकीबद्दल चार फटके लागले. दोन, चेंडू चुकीच्या जागी ठेवल्याचे आणि दोन, त्या दंडाची कल्पनाच नसताना कार्डावर सही केल्याचे. आता असा नकळत राहिलेला दंड तेवढा कार्डात मिळवतात, वरचे दोन फटके गेले. सही राहिली तर बाद न करता दोन फटक्यांवर भागवण्याचा स्थानिक नियमही 2023 पासून समितीला लावता येतो. पण ढील कुठे मिळाली ते पाहा. बेरीज गेली, हँडिकॅप गेला, जे माहीतच नव्हतं त्याची शिक्षा गेली. आपण अमुक होलला किती मारले, हे नीट सांगण्याची जबाबदारी मात्र खेळाडूवरच राहिली. 2024 साली रिव्हिएराच्या मैदानावर जॉर्डन स्पीथ यांनी पार तीनच्या होलला चार मारून तीनवर सही केली आणि ते बाद झाले. शेजारी पंच नसलेल्या खेळात एवढी कडकपणाची जागा ठेवावीच लागते; तीही गेली तर बाकीच्यांनी विश्वास कशावर ठेवायचा?

दुसरा आक्षेप मवाळ आहे: बिचारा जास्तीचं लिहितो, कमी तर लिहीत नाही, त्यात कुणाचं काय जातं? पटची संख्या टिपल्याने खेळ सुधारत असेल तर जरूर टिपावी, पण त्यासाठी वेगळी वही मिळते. कार्डाच्या एकाच चौकटीत पाच, चार आणि दोन असे तीन आकडे दाटीवाटीने बसले की फटके कोणते, निव्वळ कोणते आणि गुण कोणते, याचा शोध समितीला घ्यावा लागतो, आणि पंचनाम्यात शोधाला जागा नसावी. तिसरा आक्षेप तरुण सभासदांचा: आता ॲप आलं, हा प्राणी आपोआप नामशेष होईल. समितीने मान्य केलं तर कार्ड फोनवर भरता येतं, हे खरं. पण फोनवरही आकडा कुणीतरी पाहूनच घालावा लागतो आणि दोघांनी तो मान्य करावा लागतो. नाहीशी होते ती फक्त बेरीज, म्हणजे नेमकं त्याच्या आवडीचं काम. म्हणून तो ॲपवर भरून झाल्यावर सगळं कागदावर उतरवतो आणि ॲपची बेरीज तपासतो.

खरा काटेकोर खेळाडू ओळखायला सोपा असतो. त्याचं अक्षर बहुधा वाईट असतं, पेन्सिल कॅडीकडून उसनी घेतलेली असते. पण ग्रीनवरून उतरताच तो ‘सहा ना?’ विचारतो, लिहितो आणि चालू लागतो. अठरा आकडे, दोन सह्या, बेरजेची चौकट कोरी. राहिला आपला रकानेबहाद्दर. त्याला सुधारण्याच्या भानगडीत न पडता स्पर्धा समितीवर घ्यावं, असं माझं मत आहे. बेरजा, वजाबाक्या, गुण आणि हँडिकॅप ही सगळी कामं नियमाने तिथेच सोपवलेली आहेत. शिवाय समितीच्या कारकुनी चुकीला नियम 20 ने दुरुस्तीची मुदतच ठेवलेली नाही. निकाल लागून कितीही दिवस लोटले तरी ती सुधारता येते. खेळाडूच्या वाट्याला एवढं औदार्य आलेलं नाही. ज्याच्या गुणांना भरपूर काम आणि चुकांना बेमुदत माफी आहे अशी गोल्फमध्ये एकच खुर्ची असते, आणि सुदैवाने ती मैदानाबाहेर मांडलेली असते.