फक्की मारलेला उतार

शहराबाहेरच्या एका बंद दगडखाणीची परवा पाहणी झाली. दगड संपला, मालकाने जमीन 'पूर्ववत' केली, आत रस्ते काढले, कडांना उतार दिले. आता एकदा बघून सही करायची, एवढंच काम होतं. सही झाली. रस्ते समाधानकारक, उतार समाधानकारक, गवत आहे.

रस्त्यांचं आधी उरकतो, कारण तिथंही ते लगेच उरकलं. पाहणीची गाडी जिथवर गेली तिथवरचा रस्ता चांगला, हे गाडी गेली यावरूनच सिद्ध झालं. एका वळणापुढं मुरूम खचून घळ पडली होती. "हितनं फुडं गाडी जात नाही सायेब," चौकीदार म्हणाला. गाडी जात नाही म्हणजे रहदारी नाही, आणि रहदारीच नाही तर रस्ता खराब होईल कशाने? घ्या लिहून, समाधानकारक.

खरा विषय फक्की. मोठा माणूस येणार असला की आदल्या रात्री जमिनीवर जी पांढरी भुकटी पडते, ती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फक्कीच्या रेघा होत्या. रोपांच्या खड्ड्यांभोवती फक्कीची वर्तुळं होती, आणि खड्ड्यांत रोपं काळ्या पिशवीसकट उभी होती, म्हणजे पुढच्या पाहणीला पुढच्या खाणीवर न्यायला सोपी. गाडीतून उतरायची जागाही फक्कीने आखलेली होती. आणि जिथं जमीन संपून काळ्या दगडाची कडा सरळ तीन मजले खाली हिरव्या पाण्यात जाते, तिथं काठापासून चार पावलं अलीकडे एक तिरपी रेघ मारून शेजारी फक्कीनेच लिहिलं होतं: ४५ अंश.

हा आकडा आकाशातून पडलेला नाही. मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ या नावाचं एक प्रकरण आहे. उघड्या खाणीत मुरूम, माती असा भुसभुशीत थर असेल तर कडेचा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त ठेवू नये, नाहीतर पायऱ्या काढाव्यात, पायरी दीड मीटरपेक्षा उंच नको आणि जेवढी उंच तेवढी तरी रुंद हवी, असं त्यात म्हटलंय. आमच्याकडे वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. पाषाणाचं ठीक, तो उभा राहतो. वरचा मुरूम पहिल्या वळवालाच खाली यायला निघतो, म्हणून हा नियम. सोलापुरात पंचेचाळीस अंश मे महिन्यात फुकट मिळतात, खाणीच्या काठाला मात्र ते खणून काढावे लागतात, त्याला पोकलेन लागतो, पोकलेनला डिझेल लागतं. फक्कीला एक पोतं पुरतं. शिवाय ती रेघ खोटी होती असं कुणी म्हणू नये. कोनमापक लावून बघा, सपाट जमिनीवर ती रस्त्याशी बरोबर पंचेचाळीस अंशांचा कोन करत होती! साहेबांनी मान तिरपी करून बघितलं, जिओटॅग फोटो काढला, अक्षांश-रेखांश उमटले. उतार कुठं आहे ते आता उपग्रहालाही ठाऊक आहे. एवढंच जमणार होतं तर एकरुख तलावाचा बांध घालणाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात उगाच माती वाहिली. तो मातीचा भराव दीडशे वर्षं उतार धरून पाणी अडवून उभा आहे, कारण त्या बिचाऱ्यांना फक्कीचा हा उपयोग माहीत नव्हता.

मग गवत. काम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत आणायचं, तेही गुरांना चारा होईल असं, ही अट खाणपट्ट्यांना २०२० मध्ये लागली. अट चांगलीच आहे. इथं गवत होतंच की, छातीइतकं, पांढऱ्या फुलांनी डवरलेलं. गाजर गवत. गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि माणसाच्या अंगाला खाज सुटते, पण रकान्यात फक्त 'गवत आहे / नाही' एवढंच विचारलेलं. नान्नजच्या माळावर पवन्या न् कुसळी कुणी कधी लावायला गेलं नव्हतं. माळढोकासाठी तिथं १९७९ साली अभयारण्य झालं ते त्या गवताच्या जिवावर. असाच माळ खरवडून मुरूम काढायचा, तो रस्त्यावर पसरायचा, आणि मग खड्ड्याच्या काठाशी उभं राहून गवत आहे का म्हणून विचारायचं.

खाली पाणी आहे, त्याला रकानाच नव्हता. आमच्या नळाला काही दिवसांआड पाणी, बंद खाणीत बारा महिने. म्हणून बायका तिथं धुणं घेऊन जातात आणि सुट्टी लागली की पोरं उड्या मारायला. मग बातमी येते, आतल्या पानावर, बोटभर: खाणीत बुडून मृत्यू. खाली ठरलेलं वाक्य, 'पाण्याचा अंदाज न आल्याने'. दरवर्षी तेच वाक्य. अंदाज त्या पोराने घ्यायचा! तेरा वर्षांच्या पोराने उभ्या कड्यावरून, खाली पायरी नाही, धरायला फांदी नाही, अशा पाण्याचा अंदाज घ्यायचा, आणि ज्यांना त्याच कामाचा पगार आहे त्यांनी काठापासून चार पावलं अलीकडे रेघ बघून परत फिरायचं. उघड्या खाणीच्या काठाला भक्कम कुंपण हवं हेही नियमात आहे, आणि खाण बंद पडली म्हणून ते काढायचं नसतं. पोरांच्या उड्या तर खाण बंद पडल्यावरच सुरू होतात.

आणि कुंपण नव्हतं असंही नाही. परवा होतं. साहेबांचा तोल जाऊ नये म्हणून काठाने बांबू रोवून दोरी बांधली होती, तिला झेंडूच्या माळाही होत्या. भक्कम काम, मी स्वतः ओढून पाहिलं. गाड्या वळल्या तसे दोघं जण येऊन बांबू उपटायला लागले. राहू द्या की म्हटलं, तर म्हणाले, मांडववाल्याचं आहे, भाड्याचं; सहाला दुसरीकडं उद्घाटन आहे, तिथंही सायेब येणारेत.