उद्या संध्याकाळी

आमच्या कळमेश्वरचा लेडीज टेलर एका रात्रीत फॅशन डिझायनर झाला. आदल्या दिवशी पाटीवर ‘पिको, फॉल करून मिळेल’ होतं, दुसऱ्या दिवशी ‘डिझायनर स्टुडिओ’ झालं. इथल्या एमआयडीसीत पोलादी पत्र्यांवर जस्त नि रंग चढवतात, त्यामुळे पत्र्याने रंग बदलल्याचं गावाला फारसं अप्रूप नाही. आत तेच पायाचं मशीन, तीच आदाशाच्या गणपतीची तसबीर आणि गळ्यात तोच टेप. त्याचे पहिले तीन इंच झिजून कोरे झालेत. माप तरी चुकत नाही, कारण मास्टर टेपकडे बघतच नाहीत. बाई दुकानाची पायरी चढेपर्यंत त्यांचा आकडा तयार असतो. टेप लावतात तो बाईच्या समाधानासाठी.

त्यांचं खरं नाव गावात कुणाला ठाऊक नसावं. मास्टर म्हटलं की संपलं. डिझायनर झाल्यावर त्यांच्या पोराने ‘सर’ म्हणायची पद्धत पाडून पाहिली, पण आमच्या शेजारच्या काकूंनी ती एका वाक्यात उसवली : “सर म्हन्लं तर काय तो वेळेवर देईन?”

वेळ हा मास्टरांच्या धंद्यातला नाजूक भाग. त्यांच्या जगात एकच मुहूर्त आहे, उद्या संध्याकाळी. उद्या संध्याकाळी गेलात की चहा मागवतात, पंखा तुमच्याकडे वळवतात आणि सांगतात, “झालंच समजा ना ताई, फक्त हुका लावाच्या राह्यल्या.” मी एकदा चिकाटीने चार संध्याकाळी गेले. चौथ्या दिवशी कळलं की हुकाच काय, ब्लाउज अजून बेतलेलंही नव्हतं. कापड माझ्याच पिशवीत, मी दिलेल्या घडीत, वर मीच डकवलेल्या चिठ्ठीसकट होतं.

पण माणूस मायेचा. इथे मी शिवणातल्या मायेबद्दल बोलतेय. मुंढ्यात, कुशीत, सगळीकडे आत दोन-दोन बोटं कापड दाबून ठेवायचा त्यांचा नेम. लग्नाच्या ब्लाउजात जरा जास्तच. नवरी आरशासमोर “अजून घट्ट करा” म्हणत असते, मास्टर “हो हो” म्हणतात आणि आत माया सोडतात. दोन वर्षांनी तीच पोर बाळाला कडेवर घेऊन येते. मास्टर काही विचारत नाहीत. दोन टिपा उसवतात, ब्लाउज बसतं, आणि गावात कुणाची कंबर किती वाढली हे बाहेर फुटत नाही. त्यांच्या मापांच्या वहीला मी बँकेच्या लॉकरपेक्षा जास्त मानते.

कापडाचं मात्र तसं नाही. मीटरभर कापड नेलं तरी “थोडं कमीच पडते ताई, पन बसवतो” हे ठरलेलं. आणि उरलेलं? “उरलंच नाही ना!” मशीनखालचं गाठोडं फुगत गेलं, त्याकडे आम्ही सगळ्यांनीच मोठ्या मनाने काणाडोळा केला.

आणि मग ‘आपल्या शहराचे आपले डिझायनर’ म्हणून फॅशन शो ठरला. आता शहर म्हणजे वीस-बावीस किलोमीटरवरचं नागपूर की आम्ही, यावर आयोजकांत वाद झाला, पण कार्यालय आमचं स्वस्त पडलं. नागपुराला कापडाचा गर्व पूर्वीपासूनचा आहे. जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली ती १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर झाली त्या दिवशी. आता मिलच्या जागेवर मॉल आहे, त्यात बाहेरचे तयार कपडे मिळतात. निवेदिकेने हे सगळं सांगितलं. शिवाय डिझायनर राहुल मिश्रा २०२० साली पॅरिसच्या कुत्यूर सप्ताहात पोचले, २०२१ साली वैशाली एस. पोचल्या, आणि आज आपले मास्टर इथवर पोचले, असा एक चढता क्रमही लावला. मास्टर कार्यालयाच्या समोरच्याच गल्लीत राहतात.

रॅम्प म्हणजे बिछायत केंद्राची जेवणाची टेबलं, वर हिरवी मॅट. तिसरं टेबल डुगडुगत होतं, त्यामुळे प्रत्येक मुलगी तिथे आली की आपोआप झोकात चालायची. शेवटच्या पोशाखाला ‘शो स्टॉपर’ म्हणतात हे कळल्यावर मास्टर हबकले होते. “काऊन थांबवता बावा? आत्ता तर सुरू झाला.”

तो शेवटचा पोशाख म्हणजे सोळा कळ्यांचा घागरा. प्रत्येक कळी वेगळ्या कापडाची. दिवे लागले, मुलगी गोल फिरली, घागरा फुलला. मीसुद्धा टाळी वाजवायला हात उचलले, आणि ते तसेच राहिले. पाचवी कळी! टसरची, कडेला करवतीचे दात. करवत काठीचा तो तुकडा भंडाऱ्याहून मी स्वतः आणला होता, आणि तो ब्लाउजला “जेमतेम पुरला” होता.

शेजारच्या काकू उठून उभ्या राहिल्या. “अवं, हे तं माह्या भाचीच्या साखरपुड्याचं हाय!” मागून आवाज आला, “जांभळी माझी!” मग सगळीकडून. कुणी चष्मा लावला, कुणी मोबाइलचा टॉर्च. आपली कळी सापडेना म्हणून दोघी-तिघी खट्टूही झाल्या. निवेदिकेला वाटलं दाद मिळतेय. तिने माइकवर जाहीर केलं, “संपूर्ण स्थानिक साहित्य! आता डिझायनर स्वतः रॅम्पवर!”

मास्टर येईनात. गेले दोन महिने ज्यांच्यापासून ते दुकानाच्या मागच्या दाराने निसटत होते, त्या सगळ्या जणी समोर ओळीने खुर्च्यांवर बसल्या होत्या. अखेर पोराने ढकललं. नवा कोट, गळ्यात टेप. तिसऱ्या टेबलावर तोल गेला तेवढा सावरला. कार्यालय चिडीचूप झालं. काकूंनी बोट रोखलं.

“मास्टर, तवा माह्या बाह्या आखूड काऊन केल्या होत्या?”

मास्टरांनी घागऱ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि माइक तोंडाशी नेला.

“लांब करून देतो ना काकू. कापड हाये आपल्याकडं. उद्या संध्याकाळी या.”