चाकांवरचं वाफस्नान

महाडजवळच्या सव गावी सावित्रीच्या काठी गरम पाण्याची कुंडं आहेत. वाफ बघायला माणसं तिथे मुद्दाम जातात. ती गाडीत फुकट मिळते, हे मात्र कुणी सांगत नाही.

२०२१ साली राज्याने कॅराव्हॅन, म्हणजे मुक्कामाच्या गाडीतल्या, पर्यटनाचं धोरण आणलं. आता डिसेंबरातल्या गार रात्री चौघांनी अशा गाडीत खिडक्या गच्च लावून झोपावं, पहाटे आतच चहा उकळावा. श्वासाची, आधणाची आणि जळत्या गॅसचीही वाफ थंड काचेवर पाणी होऊन ओघळते. गाद्यांखाली बुरशी धरते. मग डांबरगोळ्या, उदबत्त्या, सुगंधी फवारे!

समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात, चूल बाहेर मांडावी, दिवसा गाद्या उभ्या कराव्यात. फुकटचा उपाय, म्हणूनच पटत नसावा.

पावसाळ्यात मात्र खिडकी उघडली, तर बाहेरची ओलच पाहुणी येते.