शिलकी वेळ

ऑफिसने दिलेला हा नवा एआय मदतनीस पुण्यात टिकला कसा, याचं मला अजून नवल वाटतं. काहीही विचारा, आधी तो प्रश्नाचं कौतुक करतो. 'फार छान प्रश्न विचारलात' हे वाक्य मी या शहरात शाळेत ऐकलं नाही, कॉलेजात ऐकलं नाही, आणि लक्ष्मी रोडच्या दुकानांत तर तशी आशाही कधी धरली नाही. आमच्याकडे प्रश्न विचारणाऱ्याला आधी चष्म्यावरून नीट न्याहाळलं जातं. मग मर्जी असली तर उत्तर. हा मात्र चूक दाखवली की 'अगदी बरोबर आहे तुमचं' म्हणत माफी मागतो आणि तितक्याच उमेदीने दुसरी चूक करायला घेतो. लग्नघरात एक तरुण असतो बघा, कुणाकडचा आहे ते शेवटपर्यंत कळत नाही, पण प्रत्येक पंगतीला भांडं घेऊन वाढायला धावतो, आणि मठ्ठ्याच्या जागी सांबार वाढलं तरी त्याच्यावर रागावता येत नाही. तशातला हा.

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कसं वापरावं याची पुस्तकं लिहिते. ती सहसा कुणी वाचत नाही, त्यामुळे हा व्यवसाय तसा निवांत आणि निष्काम होता. आता माझे चार मुद्दे घेऊन मदतनीस क्षणात त्यांची बारा पानं करून देतो. पलीकडच्या टेबलावर तोच, तितक्याच आनंदाने, त्या बारा पानांचे चार मुद्दे काढून देतो. बहुधा तेच चार. एखाद्या वेळी पाचवा निघतो. तो कुणाचा, हे विचारायचं धाडस आम्हा दोघांनाही होत नाही. मीटिंगची मिनिट्स तो आपणहून लिहितो, म्हणून मीटिंगा वाढल्या. पूर्वी निदान लिहिणार कोण या धास्तीने काही टळत असत.

आणि दर शुक्रवारी एक शीट भरायची असते. तिच्यात रकाना आहे: 'या आठवड्यात एआयमुळे वाचलेले तास'. त्या तासांचं पुढे काय झालं, याला रकाना नाही. मी तीन लिहिते, कधी साडेतीन. अर्धा घातला की आकड्याला जरा खरेपणा येतो. ते गेले कुठे म्हणाल, तर वाकडच्या पुलाखाली संध्याकाळी उभे राहा, शेकडो गाड्यांतून माणसं आपापले वाचलेले तास खर्च करताना दिसतील.

अशा वेळी मला माझी मावशी आठवते. ती कॅम्पातल्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. रेमिंग्टनवर मराठीचा चाळीसचा स्पीड. दिवसभराची पत्रं तिची दुपारी दोनच्या आत व्हायची. ती खणात ठेवायची, वर सुपारीची डबी, आणि पाचला थोडा अवकाश असताना साहेबांपुढे नेऊन ठेवायची. चेहऱ्यावर बेताचा थकवा. मधल्या वेळात तिने कादंबऱ्या वाचल्या, शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या मुलीचं लग्न जमवलं, आणि आम्हा भाचरांचे स्वेटर विणले. "लवकर दिलं की शाबासकी नाही मिळत गं, आणखी चार पत्रं मिळतात," ती सांगायची. माझा शाळेचा निळा स्वेटर असा सरकारी वेळात विणलेला होता आणि तो मला कधीही टोचला नाही. तिचा वेळ तिचा राहिला, कारण तो वाचल्याचं तिने कुणाला कळू दिलं नाही. मी मात्र दर शुक्रवारी खणाची चावी आपल्या हाताने नेऊन देते, वर साडेतीन असा आकडा घालून.

वेळ वाचवण्याच्या भानगडीतच न पडलेली माणसंही याच शहरात आहेत. कॉलेजात संस्कृत होतं तेव्हा आमच्या सरांनी आम्हाला येरवड्याला, डेक्कन कॉलेजात, संस्कृतचा महाकोश दाखवायला नेलं होतं. १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी तो आरंभला. वेदांपासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचायचे, शब्द कुठे, कसा आला ते एकेका चिठ्ठीवर हाताने उतरवायचं. पंचवीसेक वर्षं नुसत्या चिठ्ठ्याच झाल्या. जवळजवळ एक कोटी. मग डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ साली पहिला भाग निघाला. त्यानंतर भागामागून भाग येत राहिले, आणि काम अजून 'अ'मध्येच आहे. संस्कृतात जवळजवळ हवं ते नाम किंवा विशेषण घेऊन त्याला 'अ' किंवा 'अन्' लावला की त्याचा नकार होतो. त्यामुळे जगात जे आहे त्याची पाळी येण्याआधी जे नाही त्यातलं बरंचसं निस्तरावं लागतं. तिथे माणसं 'अ'वर रुजू झाली आणि 'अ'वरच निवृत्त झाली. लोखंडी खणांच्या त्या रांगांत आमच्यातला एक जण हळूच म्हणाला होता, "हे 'ह'पर्यंत कधी पोचणार?" तिथल्या बाईंनी हातातली चिठ्ठी ओळीतल्या तिच्या जागी नीट बसवली, आणि मग त्याच्याकडे पाहून इतक्या मायेने हसल्या की तो लाजला. त्यांच्या शुक्रवारच्या शीटवर कोणता आकडा आला असता, मला सांगता येणार नाही.

परवा काम लवकर आटोपलं. ते खणात टाकून, मावशीचं स्मरण करून, मी मदतनीसाला या कोशाची सगळी हकिगत सांगितली आणि हे काम तू कसं करशील, असं विचारलं. त्याने चार टप्प्यांची योजना मांडली, वाचणाऱ्या वर्षांचा अंदाज दिला, आणि अदबीने विचारलं, "सुरुवात करू या का? माझ्या मते आधी 'अ' संपवून टाकणं सोयीचं होईल."